चार्म क्वार्कच्या पुढ्यातला रिकामा शंकू

मागे या सदरात एका छोट्या उत्तरात मी लिहिलं होतं, की वर्तुळाकार त्वरकात फिरणारा इलेक्ट्रॉन भराभर प्रकाश फेकून ऊर्जा गमावतो, पण त्याच बोगद्यात फिरणारा प्रोटॉन जवळजवळ काहीच गमावत नाही, कारण तो कितीतरी पट जड आहे. त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांना पुढचा एकच प्रश्न पडला होता: मग प्रोटॉनच्या आतल्या क्वार्क नावाच्या मूलकणांचं काय? म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच देते आहे. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. पीएचडीची वर्षं मी चार्म जातीचा क्वार्क असलेल्या डी मेसॉन नावाच्या कणाच्या आलेखांत घालवली आणि आज कोल्हापुरात बीएस्सीच्या वर्गाला शिकवताना तो विषय निघाला की तास संपल्याची घंटा मला ऐकू येत नाही. तेव्हा उत्तरं थोडी लांबतील.

प्रश्न : बाई, नमस्कार. मी वीज मंडळातून निवृत्त झालेला अभियंता आहे. क्वार्कवरही विद्युतभार असतो. मग टक्कर झाल्यावर तेही प्रकाश फेकतात का? आणि क्वार्क जितका जड तितका तो कमी फेकतो, असं सरसकट म्हणता येईल का? (मिरज)

सरसकट म्हणता येत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. पण आपण अभियंते आहात, म्हणून आधी आकडे सांगते. आज जिथे लार्ज हॅड्रॉन कोलायडर, म्हणजे एलएचसी, आहे त्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात २००० सालापर्यंत लेप हा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन त्वरक चालत होता. शेवटी शेवटी त्यातल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा १०४ जीईव्हीपर्यंत चढवली होती आणि प्रत्येक फेरीला त्यातले ३ जीईव्हीहून अधिक प्रकाशात निघून जात. (१ जीईव्ही म्हणजे शंभर कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट. या मापात प्रोटॉनचं वस्तुमान ०.९४ भरतं.) त्याच बोगद्यात ७,००० जीईव्हीचा प्रोटॉन एका फेरीत सुमारे ७ हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट गमावतो. म्हणजे १ जीईव्हीचा एक लाखावा भागसुद्धा नाही.

क्वार्क एकटा फिरवता येत नाही. तो नेहमी प्रोटॉनसारख्या कणात कोंडलेला असतो. पण दोन प्रोटॉन समोरासमोर आदळतात तेव्हा आतल्या क्वार्कना आणि त्यांना एकत्र बांधणाऱ्या ग्लुऑन नावाच्या कणांना जबर धक्का बसतो, कधी नवे क्वार्क जन्माला येतात, आणि काही क्षण क्वार्क मोकळा असल्यासारखा सुसाट निघतो. भार असलेल्या वस्तूला धक्का बसला की ती प्रारण करणार. क्वार्क प्रकाशही फेकतो, पण थोडा. कारण त्याच्यावर विद्युतभाराखेरीज तीव्र बलाचा, म्हणजे क्वार्कना एकत्र बांधणाऱ्या बलाचा, भारही असतो आणि तीव्र बल इथे विद्युतबलापेक्षा कितीतरी जोरकस आहे. त्या भारापोटी तो ग्लुऑन फेकतो. हे नुसतं कागदावरचं नाही. १९७९ साली हॅम्बुर्गच्या पेट्रा त्वरकात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींतून दोनऐवजी तीन दिशांना कणांचे झोत निघालेले दिसले. दोन झोत क्वार्क आणि प्रतिक्वार्कचे होते, तिसरा त्यांच्यापैकी एकानं फेकलेल्या ग्लुऑनचा. ग्लुऑनचा शोध असाच, प्रारण म्हणून लागला.

प्रकाशाशी असलेलं साम्य इथे संपतं. फोटॉनवर स्वतःचा विद्युतभार नसतो, म्हणून फोटॉन पुढे फोटॉन फेकत नाही. ग्लुऑनवर मात्र तीव्र बलाचा भार असतो, त्यामुळे तो आणखी ग्लुऑन फेकतो, तेही फेकतात. सिद्धांताप्रमाणे ग्लुऑनची ही प्रवृत्ती क्वार्कच्या सव्वादोनपट असते. अशी साखळी वाढत जाते आणि शेवटी सगळे मिळून पायॉन, केऑन, प्रोटॉन अशा दिसणाऱ्या कणांत गोठतात. एका क्वार्कपासून निघालेल्या या झोताला जेट म्हणतात.

आता वजनाकडे येऊ. आपल्या शरीरातले अप आणि डाउन क्वार्क फार हलके आहेत, जीईव्हीच्या हजाराव्या भागात मोजावे लागतात: अप सुमारे २, डाउन सुमारे ५. चार्म क्वार्क १.२७ जीईव्हीचा, म्हणजे एकटाच अख्ख्या प्रोटॉनहून जड. बॉटम ४.२ च्या आसपास. आणि टॉप १७२ पेक्षा जास्त. एवढी तफावत असताना त्यांचं प्रारण सारखं कसं असेल?

१९९१ साली युरी डॉकशित्झर, व्हॅलेरी खोझे आणि सर्गेई त्रोयान या तिघा भौतिकशास्त्रज्ञांनी याचं नेमकं उत्तर मांडलं. क्वार्कच्या वाटेपासून दूर, मोठ्या कोनात, जड क्वार्क हलक्या क्वार्कइतकंच प्रारण करतो. तिथे वजनाचा काही संबंध नाही. पण स्वतःच्या वाटेभोवतीच्या एका शंकूत तो जवळजवळ काहीच फेकत नाही. शंकूचा अर्धकोन वस्तुमान भागिले ऊर्जा इतका. याला त्यांनी मृत शंकू म्हटलं. हलका क्वार्क सर्वांत जास्त प्रारण आपल्या वाटेला चिकटून करतो, म्हणून ही अरुंद जागा रिकामी राहिली की एकूण प्रारणात मोठी घट येते. जड क्वार्क कमी ऊर्जा गमावतो हे खरं आहे, पण तो नेमकी कुठली ऊर्जा गमावत नाही हे सांगितल्याशिवाय ते वाक्य अर्धंच राहतं.

प्रश्न : मॅडम, मी बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका व्हिडिओत ऐकलं, की जड क्वार्क सावकाश जातो म्हणून कमी ग्लुऑन फेकतो. पण तो तर प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ असतो ना? मग समोरच का फेकत नाही? (नांदेड)

तुझी शंका रास्त आहे. १० जीईव्हीचा चार्म क्वार्कसुद्धा प्रकाशाच्या ९९ टक्क्यांहून अधिक वेगानं जातो. नुसतं 'सावकाश' म्हणून भागत नाही. त्या उरलेल्या एक टक्क्याहून कमी फरकाचा परिणाम कोनात कसा उमटतो, ते पाहावं लागतं.

दुसऱ्या वर्षाला द्विध्रुव अँटेना शिकली असशील. सरळ तारेत इलेक्ट्रॉन पुढेमागे हलतात, लहरी तारेच्या काटकोनात जोरात निघतात आणि तारेच्या टोकाच्या रेषेत काहीच जात नाही. कारण प्रारणाचं क्षेत्र दृष्टिरेषेला आडवं असावं लागतं. भार ज्या रेषेत हलतो त्या रेषेतूनच बघितलं तर त्याच्या हालचालीला आडवा घटक उरतच नाही. म्हणजे बरोबर समोरच्या दिशेला शून्य, ही गोष्ट कुठल्याही भाराला लागू आहे, हलका असो की जड.

आता क्वार्कच्याच वेगानं त्याच्या शेजारून धावणाऱ्या निरीक्षकाची कल्पना कर. त्याला प्रारण अँटेनासारखं दिसेल: आडव्या दिशेला भरपूर, समोर शून्य, मधे हळूहळू बदलणारं. पण प्रयोगशाळेतून पाहताना सापेक्षतेच्या नियमानं सगळ्या दिशा पुढे झुकतात. त्या निरीक्षकाला जी दिशा अगदी काटकोनात वाटते, ती प्रयोगशाळेत वाटेपासून फक्त वस्तुमान भागिले ऊर्जा एवढ्या कोनावर येते. त्याच्या समोरचा अख्खा अर्धगोल त्या अरुंद शंकूत मावतो आणि त्याच्या मध्यावरचं शून्यही तिथेच बसतं. वस्तुमान नगण्य असेल तर शंकू मिटून जातो, ते शून्य सुईच्या अग्रापेक्षा बारीक होतं आणि प्रारण वाटेला चिकटून वाढत जातं. वस्तुमान मोठं असेल तर शंकू उघडा राहतो.

सूत्र हवं असेल तर वहीत लिहून घे. मंद ग्लुऑनसाठी एका दिशेला होणाऱ्या प्रारणाची घनता अशी: वर कोनाचा वर्ग, खाली (कोनाचा वर्ग अधिक शंकूच्या अर्धकोनाचा वर्ग) या बेरजेचा वर्ग. कोन मोठा असताना शंकूचं पद नगण्य होतं आणि घनता कोनाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उरते, म्हणजे हलक्या क्वार्कसारखीच. कोन शून्याकडे नेलास की घनताही शून्याकडे जाते. आणि या सूत्राचं विकलन करून बघ: सर्वाधिक घनता बरोबर शंकूच्या कडेवर येते. हे गणित मी परीक्षेत घालते, कारण चार ओळींत सुटतं आणि तरीही आजच्या संशोधनाच्या दारापर्यंत नेऊन सोडतं.

थोडे आकडे. ५ जीईव्हीच्या चार्मचा शंकू सुमारे साडेचौदा अंशांचा. १० जीईव्हीला सव्वासात, २० ला साडेतीनच्या जरा वर. उलट १० जीईव्हीच्या अप क्वार्कचा शंकू अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपास येतो, तो कोण मोजणार! आणखी एक गोष्ट ध्यानात ठेव. क्वार्क एकेक ग्लुऑन फेकत जातो तशी त्याची ऊर्जा घटते, वस्तुमान मात्र तेच राहतं. म्हणून वाटेत त्याचा शंकू रुंदावत जातो. पुढच्या उत्तरात हे लागणार आहे.

प्रश्न : मृत शंकूचं भाकीत १९९१ चं आणि थेट निरीक्षण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं, असं वाचलं. एवढे मोठे त्वरक हाताशी असताना तीस वर्षं का लागली? (पुणे)

या प्रश्नासाठी मी तुमची आभारी आहे. विज्ञानाच्या बातम्यांत 'दिसलं' एवढंच छापून येतं. का दिसत नव्हतं, हे कुणी सांगत नाही.

अप्रत्यक्ष खुणा फार आधीपासून होत्या. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींत बॉटम क्वार्कची जोडी निघाली तर सरासरी किती विद्युतभारित कण दिसतात आणि हलक्या क्वार्कची जोडी निघाली तर किती, हे मोजता येतं. बॉटमच्या घटनांत सुमारे ३ कण जास्त भरतात. वरवर वाटेल, जड क्वार्कनं जास्त फेकले. पण बॉटम असलेल्या दोन मेसॉनच्या (मेसॉन म्हणजे क्वार्क आणि प्रतिक्वार्कच्या जोडीचा कण) ऱ्हासातूनच, म्हणजे फुटण्यातूनच, सरासरी दहा-अकरा भारित कण येतात. ते वजा केले तर प्रारणाच्या वाट्याला हलक्या क्वार्कपेक्षा बरेच कमी उरतात. शिवाय मृत शंकूचा सिद्धांत सांगतो, की हा तीनचा फरक टकरीची ऊर्जा वाढवली तरी बदलणार नाही. अमेरिकेतल्या २९ जीईव्हीच्या प्रयोगांपासून लेपच्या २०० जीईव्हीच्या वरच्या मोजमापांपर्यंत तो तसाच राहिला. मला हा पुरावा तेव्हाही भक्कम वाटायचा आणि आजही वाटतो. मात्र त्यात शंकू कुठेच दिसत नाही, फक्त बेरीज-वजाबाकी दिसते.

शंकू प्रत्यक्ष दाखवायचा तर अडचणी तीन. एक, क्वार्क दिसतच नाही, दिसतात शेवटी गोठलेले कण. त्याची मूळ वाट आणि प्रत्येक टप्प्यावरची ऊर्जा ठाऊक नसेल तर कोन मोजणार कशापासून? दुसरी, चार्म असलेला कण फार काळ टिकत नाही. डी शून्य मेसॉनचं आयुष्य सुमारे ०.४ पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्याही अर्ध्याहून कमी. तो फुटतो आणि त्याचे तुकडे नेमके त्याच अरुंद शंकूत पडतात. जी जागा रिकामी दाखवायची ती ऱ्हासाचे तुकडे भरून टाकतात. तिसरी, क्वार्कपासून दिसणारे कण गोठण्याच्या प्रक्रियेतही लहान लहान धक्के असतात, तेही बारीक कोन पुसून टाकतात.

एलएचसीवरच्या ॲलिस प्रयोगाच्या गटानं हे तिन्ही अडथळे एकेक करून सोडवले. त्यांची आधारसामग्री २०१६ ते २०१८ मधल्या १३ हजार जीईव्हीच्या प्रोटॉन-प्रोटॉन टकरींची होती. निबंध जून २०२१ मध्ये सर्वांना वाचायला खुला झाला आणि मे २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला.

आधी दुसरा अडथळा घेते, कारण तिथली युक्ती मला सर्वांत सुंदर वाटते. डी शून्य मेसॉन साधारण शंभरातल्या चार वेळा एक केऑन आणि एक पायॉन अशा दोनच भारित कणांत फुटतो. ॲलिसमध्ये या दोघांची ओळख वेगवेगळी पटवता येते: वायूनं भरलेल्या मोठ्या कक्षात ते वाटेत किती ऊर्जा सांडतात त्यावरून आणि किती वेळात पोचतात त्यावरून. त्यांच्या वाटा मागे नेल्या तर त्या टकरीच्या जागी न मिळता जराशा बाजूला मिळतात. हे अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या पातळीवरचं, सिलिकॉनचे थर टकरीच्या अगदी जवळ बसवलेले असल्यामुळे मोजता येणारं. दोघांची ऊर्जा आणि संवेग जुळवून डी शून्याचं १.८६५ जीईव्ही वस्तुमान निघालं, की जोडी सापडली. मग जेट बांधण्याआधीच ते दोन तुकडे यादीतून काढून टाकायचे आणि त्यांच्या जागी अख्खा डी शून्य ठेवायचा. तो फुटलाच नव्हता असं समजून पुढे जायचं. शंकू भरणारा कचरा असा मुळातच बाहेर पडतो.

नंतर पहिला अडथळा. जेटमधले कण जवळच्या कोनाप्रमाणे जोड्या लावत एकत्र करायचे: सर्वांत जवळचे दोन आधी, मग त्यांच्या जवळचा तिसरा, असं करत सगळे एका गाठीत. मग ती गाठ उलट्या क्रमानं सोडवायची. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्याची नामावळी असते, तीत मूळ पुरुषापासून एकाच शाखेचा माग काढत आपल्यापर्यंत येता येतं. इथे शाखा निवडायचा नियम सोपा आहे: प्रत्येक फाट्यावर ज्या बाजूला डी शून्य आहे ती बाजू धरायची, कारण चार्म क्वार्क त्याच बाजूला गेलेला असणार. ग्लुऑन फेकताना क्वार्कचं चार्मपण बदलत नाही, म्हणून हा माग विश्वासार्ह. प्रत्येक फाट्यावर दोन गोष्टी टिपायच्या, फाट्याचा कोन आणि त्या क्षणी फेकणाऱ्याची ऊर्जा. तीव्र बलाचं प्रारण मोठ्या कोनापासून लहान कोनाकडे क्रमानं होत जातं. त्यामुळे गाठ सोडवण्याचा हा क्रम आणि निसर्गाचा क्रम जुळतात. जड क्वार्कच्या जेटसाठी ही वाट लेटिसिया कुन्केइरो आणि मातेउश प्वॉस्कॉन या दोघांनी २०१९ च्या निबंधात सुचवली होती.

तिसऱ्या अडथळ्यावर उपाय सोपा पण कठोर. क्वार्कच्या दिशेला आडवा संवेग ०.२ जीईव्हीपेक्षा कमी असलेले फाटे सरळ वगळायचे. त्याखाली गोठण्याच्या धक्क्यांचं राज्य असतं.

एवढं झाल्यावरही एक प्रश्न उरतो: कोनांच्या आलेखात लहान कोनांकडे घट दिसली, तर ती शंकूमुळे की जेट मोजण्याच्या पद्धतीमुळे? म्हणून तुलना लागते. चार्मच्या जेटमधली कोनांची वाटणी घ्यायची आणि तिला सर्वसाधारण जेटमधल्या वाटणीनं भागायचं. सर्वसाधारण जेटमध्ये ग्लुऑनची जेटही बरीच असतात आणि ती जास्त फेकतात, हे वर आलंच आहे. म्हणून नुसता भागाकार १ पेक्षा कमी आला एवढ्यानं समाधान मानलं नाही. चार्मचं वस्तुमान शून्य असतं तर हा भागाकार किती आला असता, याची रेषा संगणकी प्रारूपांवरून काढली आणि मोजलेला आकडा त्या रेषेच्याही किती खाली आहे हे तपासलं. माझ्या मते या निबंधाची खरी ताकद या सावधपणात आहे. एखादी गोष्ट नाही, हे सांगायचं असेल तर ती असती तर किती असती हे आधी काटेकोर ठाऊक असावं लागतं.

निकाल फेकणाऱ्याच्या ऊर्जेप्रमाणे तीन गटांत दिला आहे. ५ ते १० जीईव्हीच्या गटात घट ७.७ सिग्माची. (निकाल निव्वळ योगायोग नसल्याची खात्री सिग्मात मोजतात.) कणभौतिकीत ५ सिग्मा ओलांडले की शोध मानतात. १० ते २० च्या गटात ३.५ सिग्मा. २० ते ३५ मध्ये फक्त १, म्हणजे घट असल्याचं ठामपणे म्हणता येत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याला हा तिसरा आकडा निराशाजनक वाटला. मला तो पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. ऊर्जा वाढली की शंकू मिटत जाणार, हेच तर १९९१ चं भाकीत होतं.

यावरून तीस वर्षांचा उलगडा बऱ्यापैकी होतो. शंकू रुंद हवा तर चार्मची ऊर्जा कमी हवी. पण कमी ऊर्जेचे कण टिपणं आणि ओळखणं अवघड. जगातल्या सर्वांत जास्त ऊर्जेच्या टकरींतून सर्वांत मंद चार्म निवडून काढायचे होते. ॲलिसचं चुंबकीय क्षेत्र अर्ध्या टेस्लाचं, शेजारच्या सीएमएस प्रयोगाचं ३.८ टेस्लाचं. जोरदार क्षेत्रात मंद कण वळून गिरक्या घेत राहतात, सौम्य क्षेत्रात ते बाहेरच्या थरांपर्यंत पोचतात. ॲलिस मुळात बांधला तो शिशाच्या अणुकेंद्रकांच्या टकरींसाठी, जिथे असे मंद कण हजारोंनी निघतात. त्यासाठी केलेली तयारी इथे उपयोगी पडली.

प्रश्न : यात भारतीयांचा, त्यातही महाराष्ट्राचा हात आहे का? (ठाणे)

आहे. ॲलिसमध्ये आयआयटी मुंबईचा गट आहे. कोलकात्याची साहा इन्स्टिट्यूट आणि तिथलंच व्हीईसीसी हे सायक्लोट्रॉन केंद्र तर सुरुवातीच्या काळापासून आहेत, म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) मोजणाऱ्या भागातली मानस ही इलेक्ट्रॉनिक चिप भारतात घडली. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था सीएमएस प्रयोगात आहे. आणि जानेवारी २०१७ पासून भारत सर्नचा, म्हणजे एलएचसी चालवणाऱ्या संस्थेचा, सहयोगी सदस्य आहे. तुमच्या घरात कुणी बारावीला असेल आणि या वाटेला यायचं म्हणत असेल, तर त्याला किंवा तिला अडवू नका, एवढं मनापासून सांगते.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. मुलं विचारतात, हे कळून काय मिळालं? ताई, मुलांना सांगण्यासारखं काही सुचवाल? (चिपळूण)

मुलांना पहिल्यांदा क्वार्कचं वजन सांगा. क्वार्क कधी मोकळा सापडत नाही, म्हणून त्याला तराजूत घालता येत नाही. वर दिलेलं १.२७ जीईव्ही हे अप्रत्यक्ष हिशेबांतून आलेलं आहे. मृत शंकूत मात्र क्वार्क अजून कुठल्याही कणात कोंडला गेलेला नसताना त्याच्या वस्तुमानाची खूण उमटते. आज ती खूण आहे एवढंच दाखवता आलं. पुढे मोजमाप बारीक झालं की तिच्यावरून वस्तुमान काढण्याची वाट उघडू शकते. मी संशोधनात असताना आमच्यासाठी हे स्वप्न होतं.

दुसरी गोष्ट विश्वाच्या सुरुवातीची, ही मुलांना हमखास आवडेल. महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मायक्रोसेकंदांत प्रोटॉनसुद्धा नव्हते, क्वार्क आणि ग्लुऑनचं अतिउष्ण द्रव्य होतं, तापमान सुमारे दोन लाख कोटी अंशांच्या वर. शिशाची अणुकेंद्रकं आदळवून त्याचा एक थेंब क्षणभर तयार करता येतो. चार्म आणि बॉटम जड असल्यामुळे ते टकरीच्या पहिल्याच क्षणी, तो थेंब बनण्याआधी, जन्मतात आणि सगळा थेंब ओलांडून बाहेर येतात. वाटेत ते ग्लुऑन फेकून किती ऊर्जा गमावतात यावरून द्रव्याची घनता आजमावता येते. २००१ साली डॉकशित्झर आणि दिमित्री खार्झेव्ह यांनी दाखवलं, की द्रव्यातही मृत शंकू काम करेल आणि जड क्वार्क कमी ऊर्जा गमावेल. बॉटमपासून आलेल्या मेसॉनची संख्या चार्मच्या मेसॉनपेक्षा कमी घटते, हे एलएचसीवर दिसलंही आहे. चार्म आणि हलक्या कणांची तुलना एवढी सरळ नाही, कारण ग्लुऑनचा वाटा आणि गोठण्याची तऱ्हा दोन्हीकडे वेगळी. म्हणूनच आधी साध्या प्रोटॉन टकरीत, जिथे असं द्रव्य आडवं येत नाही, शंकू स्वच्छ दिसणं गरजेचं होतं.

वर्गात वेळ उरला तर हिग्जचा, म्हणजे मूलकणांच्या वस्तुमानाशी ज्याचा संबंध आहे त्या कणाचा, उल्लेख करा. हिग्ज कण शंभरातल्या सुमारे ५८ वेळा बॉटमच्या जोडीत फुटतो आणि हा ऱ्हास २०१८ मध्ये पहिल्यांदा ठामपणे दिसला. बॉटमचं जेट ओळखायचं तर त्याचं प्रारण कसं असतं हे प्रारूपात बरोबर बसलेलं असावं लागतं.

प्रश्न : टॉप क्वार्क सर्वांत जड. मग त्याचा शंकू तर सर्वांत मोठा असेल. तो आधी का नाही दिसला? (नागपूर)

शंकू मोठाच आहे. ५०० जीईव्हीच्या टॉपचा जवळजवळ २० अंशांचा येतो. अडचण अशी, की टॉप सेकंदाच्या एक कोटी कोटी कोटीव्या भागाच्याही दोन हजाराव्या हिश्श्यात... थोडक्यात, १० चा उणे २५ वा घात गुणिले ५ एवढ्या सेकंदांत फुटतो. कुठल्याही मेसॉनमध्ये गोठण्याइतकाही वेळ त्याला मिळत नाही. त्यातून बॉटम निघतो, तो बॉटम स्वतः ग्लुऑन फेकतो आणि ते टॉपच्या रिकाम्या जागेत येऊन पडतात. डी शून्याचे तुकडे जसे ओळखून बाजूला काढता आले, तसं हे वेगळं करणं अवघड.

मला स्वतःला आता बॉटमची उत्सुकता आहे. २० जीईव्हीला चार्मचा शंकू साडेतीन अंशांवर येतो, तिथे बॉटमचा १२ अंश राहतो. म्हणजे ज्या गटात चार्मनं फक्त १ सिग्मा दिला, त्या गटात बॉटमचा शंकू चांगला उघडा असायला हवा. अवघड काय, तर बॉटमचा मेसॉन आधी चार्मच्या मेसॉनमध्ये फुटतो, तो पुढे पुन्हा फुटतो, आणि हे सगळे तुकडे वेचून मूळ कण उभा करावा लागतो. २०२१ मध्ये ॲलिसमध्ये सिलिकॉनचे सात नवे थर बसवले, त्यांत सुमारे साडेबाराशे कोटी पिक्सेल आहेत आणि सर्वांत आतला थर पूर्वीपेक्षा टकरीच्या जागेजवळ सरकला आहे. ऱ्हासाची जागा त्यांनी आणखी अचूक सापडते. त्या थरांतून २०२२ पासून आधारसामग्री गोळा होते आहे.